भिंगरीची झोप

घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी कधी टिकलीच नाही. हे नाव शाळेतही पोचलं होतं. डबा उभ्याउभ्या खायचा, बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा, शाळा सुटली की बास्केटबॉलच्या मैदानावर दिवस मावळेपर्यंत धावायचं. ही पोरगी जरा वेळ गप्प बसली तर घराला तेवढीच विश्रांती, असं तिची आई सगळ्यांना सांगायची.

नववीत गेली आणि भिंगरी खरंच गप्प बसली. तेव्हा मात्र आईला विश्रांती वाटेना.

आधी खेळ सुटला. गुडघा दुखतो, असं तिने खेळाच्या सरांना सांगितलं. घरी त्या गुडघ्याबद्दल कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. मग मैत्रिणी सुटल्या. भांडणबिंडण काही झालं नाही. त्या बोलत असायच्या आणि ही कुठेतरी बघत असायची, तेव्हा त्याच हळूहळू दुसऱ्या बाकाकडे सरकल्या. गणितात वर्गाला पाणी पाजणारी मुलगी कोऱ्या उत्तरपत्रिका द्यायला लागली. उत्तरं चुकली असती तर बाईंनी समजावून तरी सांगितलं असतं, कोऱ्या कागदाला काय सांगणार? सकाळी तिला हाका मारून आईचा घसा बसायचा. रागावलं तर उलट बोलायची नाही, नुसती रडायची. एकदा गणवेशाचं बटण तुटलं म्हणून पायरीवर बसून रडली.

"फोन काढून घे तिचा," बाबा म्हणाले.

फोन काढून घेतला. तो आईच्या कपाटात साड्यांखाली पडून राहिला, पण फरक काही पडला नाही. तिने तो मागितलाही नाही, आणि आईला त्याचीच जास्त भीती वाटली.

"कोणी मुलगाबिलगा आहे का बघ."

"अहो, मुलगा असता तर निदान आरशासमोर उभी राहिली असती," आई म्हणाली. "ती धड वेणीसुद्धा घालत नाही."

बाबा बेकरीत भट्टीवर होते. बाकीचे झोपलेले असताना ते कामाला निघत आणि बाकीचे जेवायला बसत तेव्हा ते झोपलेले असत, त्यामुळे संध्याकाळनंतर सगळं घर कुजबुजत बोलायचं. आई कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात होती. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टर घासायचं, कुणाच्या हिरडीला कुठला रंग शोभेल ते उजेडाकडे धरून बघायचं. बोटांवरची पांढरी भुकटी घरी आल्यावरही निघायची नाही.

आणि आजोबा होते, म्हणजे बाबांचे वडील. आई आणि बाबा त्यांना अण्णा म्हणत. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलेला माणूस. "आयुष्यभर खालीवर केलं, पण पोचलो कुठेच नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि त्यावर ते स्वतःच आधी हसत. आजी गेल्यावर ते एकटेच राहायचे. गेल्या वर्षी बाबा त्यांना घेऊन आले आणि दोन खोल्यांच्या घरात त्यांची खाट भिंगरीच्या खोलीत लागली. दोघांचं गूळपीठ होतं. फक्त ते घोरत, आणि असे घोरत की खिडकीची तावदानं साथ देत. घरात त्याची थट्टा चाले. बाबा म्हणत, "अण्णांचं घोरणं ऐकलं की मला बरं वाटतं. घरातला एक तरी माणूस पोटभर झोपतोय."

त्या दिवशी आई कामावर असताना वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. भिंगरी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलेली नाही. दप्तर जागेवर आहे, फाटकावरचा रखवालदार म्हणतो कोणीही बाहेर गेलेलं नाही, सगळीकडे शोध चालू आहे.

आईने ॲप्रन काढला आणि मेणात अर्धे बसवलेले दात तसेच टेबलावर टाकून ती निघाली. रिक्षात तिला गेल्या काही महिन्यांतलं सगळं एकदम आठवायला लागलं. कोऱ्या उत्तरपत्रिका आठवल्या, न मागितलेला फोन आठवला, पायरीवरचं ते रडणं आठवलं. शाळेची इमारत उंच आहे आणि तिला गच्ची आहे, हेही नेमकं तेव्हाच आठवलं. त्यापुढचा विचार तिने करायचा नाही असं ठरवलं, आणि संपूर्ण रस्ताभर तोच केला.

बाई फाटकातच उभ्या होत्या. आईला रिक्षातून उतरताना बघून त्यांनी लांबूनच हात वर केला.

"सापडली. ठीक आहे, काही झालेलं नाही. आधी जरा उभ्या राहा, पाणी घ्या."

"कुठे आहे?"

"झोपलीय."

मैदानाच्या मागे खेळाच्या सामानाची खोली होती. चेंडूंच्या जाळ्या, मोडकी हर्डल्स, रबराचा कुबट वास. उंच उडीच्या जाड गादीवर भिंगरी बुटांसकट झोपली होती. एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. आईने तिला असं झोपलेलं पाहून कितीतरी दिवस झाले होते.

"सर तिला उठवत होते, मीच नको म्हटलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मुलं वर्गात पेंगतात ते मी रोज बघते हो. कंटाळली की पेंगतात, उकडलं की पेंगतात. पण ही झोप तसली दिसत नाही. उपाशी माणूस जेवतो ना, तशी झोपलीय ती."

आई तिथेच एका पालथ्या खोक्यावर बसली.

"रात्री झोपते ना घरी?" बाईंनी विचारलं.

"वेळेवर अंथरुणात असते. दिवा मी स्वतः घालवते."

"अंथरुणात असते हो. पण झोपते का?"

दिवा घालवल्यावर त्या खोलीत आपण पुन्हा कधी डोकावलोच नाही, हे आईच्या लक्षात आलं.

शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा भिंगरी दचकून उठली. समोर आई, बाजूला बाई. आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. आता ती रडेल किंवा घाबरेल असं दोघींना वाटलं. तिने विचारलं भलतंच.

"आजोबा कुठे आहेत?"

"घरी. असतील दुपारचे आडवे झाले."

"एकटे? कोणी जागं नाही?"

"जागं कशाला हवं?" आई म्हणाली.

आणि मग ते बाहेर पडलं. आधी तुटक तुटक, मग थांबवता येईना असं.

"ते घोरतात आणि मग थांबतात, आई. घोरणं नाही, श्वासच थांबतो. छाती हलत नाही. मी वाट बघते. मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज होतो आणि परत सुरू होतात. कधीकधी होतच नाहीत, मग मी त्यांचा हात हलवते."

"रोज होतं असं?"

"रोज. रात्रभर. सुट्टीत एकदा पाणी प्यायला उठले तेव्हा कळलं. त्यानंतर मला झोपताच येईना. डोळा लागला की वाटतं, आत्ता थांबला असेल. उठून बघते तर कधी खरंच थांबलेला असतो."

"अगं, मग मला उठवायचं नाहीस का?"

"बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, म्हातारी माणसं घोरतातच, गाढ झोपतात म्हणून. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मी घोरतच नाही."

एवढ्यातही आईला हसू फुटलं असतं. पण भिंगरी पुढे बोलत होती.

"आणि तू म्हणाली होतीस, खोली लहान पडते, अण्णांना काही दिवस आत्याकडे पाठवू या. मी झोप होत नाही म्हटलं असतं तर तू लगेच पाठवलं असतंस. आत्याच्या घरी ते वरच्या खोलीत एकटे झोपणार. तिथे त्यांच्याजवळ कोण जागणार?" तिने नाक पुसलं. "आजी झोपेतच गेली ना? सगळे म्हणत होते, भाग्यवान, काही त्रास झाला नाही. मला तेव्हापासून वाटतं, तिच्याजवळ कोणीतरी जागं असतं तर?"

आईने तिला जवळ ओढलं. बाई चेंडूंच्या जाळीकडे बघत म्हणाल्या, "आधी घरी जा दोघी. उद्या शाळेत यायची काही घाई नाही."

घोरणं जिन्यातच ऐकू येत होतं. आईने किल्लीने हळूच दार उघडलं. आजोबा खुर्चीत मान मागे टाकून झोपले होते आणि पोटावर पेपर पसरलेला होता. श्वासाबरोबर पेपर वर जायचा, खाली यायचा.

मग घोरणं थांबलं.

इतके दिवस ते थांबलं की आईला हायसं वाटायचं. झाले एकदाचे शांत, असं म्हणून ती कूस बदलायची. आज ती उभी राहून बघत होती. पेपर हलत नव्हता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता तेवढाच आवाज. तिने भिंगरीकडे पाहिलं, तर मुलीने स्वतःचाच श्वास धरून ठेवला होता. आजोबांच्या ओठांचा रंग उतरायला लागला. आई पुढे झाली, तिचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचला, आणि तेवढ्यात घशातून मोठा फरफराट होऊन त्यांचं सगळं अंग हललं. पेपर खाली पडला.

"काय गं, आज लवकर?" आजोबांनी डोळे उघडून विचारलं.

"अण्णा, तुमचा श्वास थांबला होता."

"काहीतरीच. मी पेपर वाचत होतो."

"डोळे मिटून?"

"विचार करत होतो."

डॉक्टरचं नाव काढताच त्यांनी हात झटकला. मला काही धाड भरलेली नाही, सकाळी डोकं दुखतं ते चष्म्यामुळे, आणि दुपारी डोळा कोणाचा लागत नाही? आईने वाद घातला नाही. ती त्यांच्यासमोर बसली आणि शाळेत काय काय झालं ते तिने सरळ सांगून टाकलं. गादीवरची झोप, कोऱ्या उत्तरपत्रिका, सुटलेला खेळ, आणि रात्री कोण कोणासाठी जागत होतं तेही.

आजोबांनी चष्मा काढला, त्याची काडी उघडली, मिटली.

"रोज?" त्यांनी नातीला विचारलं.

तिने मान डोलावली.

"मी लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरून काम करायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा वर एक माणूस उभा असायचा. कोणी चुकून बटण दाबू नये, एवढंच त्याचं काम. पण त्याला त्याचा पगार मिळायचा, आणि ठराविक वेळाने त्याच्या जागी दुसरा यायचा." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुझ्या जागी कोणी आलंच नाही गं."

ते उठले आणि बूट शोधायला लागले. "कुठला डॉक्टर ते सांगा. चला."

तपासणीसाठी त्यांना एक रात्र इस्पितळात झोपायला लावलं. डोक्याला, छातीला, बोटाला तारा. बाबांनी बेकरीतून रजा काढली आणि ते सोबतीला राहिले. सकाळी घरी आले ते थेट भिंगरीच्या पलंगापाशी.

"मी पाहिलं," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तू मला सांगितलं होतंस आणि मी..."

"तुम्हीही तेव्हा अर्धवट झोपेत होतात, बाबा," भिंगरी म्हणाली. तिने ते अगदी सहज म्हटलं. बाबांनी तोंड धुवायला म्हणून जाऊन नळ बराच वेळ सोडून ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलत. आजोबांच्या घशाचे स्नायू झोपेत सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, मग मेंदू घाबरून त्यांना ढोसून उठवतो. त्यांना ते आठवतही नाही. असं रात्रभर. म्हणजे घरातला पोटभर झोपणारा माणूस कित्येक वर्षं झोपलाच नव्हता. धोका होता, पण उपाय होता. नाकावर मुखवटा लावायचा, छोटं यंत्र हवा आत ढकलत राहतं आणि वाट उघडी ठेवतं.

"म्हणजे पंप," आजोबा म्हणाले. यंत्राची गोष्ट निघाल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला.

मग डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला समोर बसवलं. "शाळेत काय होतं तुला?"

भिंगरीने आईकडे बघितलं. "काहीच करावंसं वाटत नाही. बाई शिकवतात ते ऐकू येतं पण आत जात नाही. आधी मला सगळं आवडायचं. मला वाटलं, आता मी अशीच झाले."

"असं वाटणारच. तुझ्या वयात शरीर वाढतं, डोकंही वाढतं. तुला मोठ्या माणसापेक्षा जास्त झोप हवी आणि तू म्हाताऱ्या माणसाची राखण करत बसलीस. झोप गेली की माणसाची हौस जाते. लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टींनी रडू येतं. पण हा काही तुझा स्वभाव झालेला नाही. झोप परत आली की बाकीचंही येईल. एका दिवसात नाही येणार, पण येईल."

"नक्की?"

"नक्की."

भिंगरी टेबलावर डोकं टेकून रडली. इतकी मोकळी रडली की बाहेर रांगेत बसलेली माणसं दाराकडे बघायला लागली.

यंत्र घरी आलं. मुखवटा चढवून, नाकापुढे नळी लोंबत असलेले आजोबा खाटेवर बसले तेव्हा बाबा म्हणाले, "अण्णा, विमान कुठे उतरवणार?" घोरणं पहिल्याच रात्री बंद झालं. पण भिंगरीला झोप येईना. इतक्या शांततेची तिला सवयच राहिली नव्हती. तावदानं वाजत नाहीत म्हटल्यावर ती पुन्हा पुन्हा उठून बघायची. तेव्हा आईने तिचं अंथरूण उचलून आपल्या खोलीत नेलं आणि स्वतः आजोबांच्या खोलीत गादी टाकली.

"आता तू तिकडे फिरकायचंही नाहीस," आई म्हणाली. "मी आहे इथे. आणि मी घोरले तरी मला हलवायचं नाही."

त्यानंतरच्या रविवारी भिंगरी दुपारपर्यंत झोपली. आजोबांनी दाराबाहेर खुर्ची टाकली होती. मिक्सर लावायला बंदी, बादलीत नळ जोरात सोडायला बंदी. शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली, तिला त्यांनी खुणेनेच परत पाठवलं. भिंगरी उठून बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि गालावर उशीची घडी उमटलेली होती. "खायला काय आहे?" तिने विचारलं. आई उलथनं हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिने कितीतरी दिवसांनी विचारला होता.

आधी भूक आली ती अशी. मग राग आला. माझा फोन अजून का देत नाहीस, म्हणून ती आईशी कडाकडा भांडली, आणि आईने असा हसत हसत फोन काढून दिला की भांडणातली मजाच गेली. शाळेत बाईंनी काही आठवडे तिला चाचण्यांतून मोकळं ठेवलं होतं. त्यांनी तिच्यामागे लकडा लावला नाही, घरी फोनही केला नाही. एक दिवस भूगोलाच्या तासाला तिचा हात वर गेला. उत्तर साफ चुकलं. वर्ग हसला, आणि सगळ्यांच्या मागोमाग तीही हसली. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि खडू उगाचच दोनदा झटकला.

मैदानावर ती आपणहून गेली.

"गुडघा कसा आहे?" सरांनी विचारलं.

"कुठला?" भिंगरी म्हणाली, आणि मग जीभ चावली.

तिची संघातली जागा तोवर दुसऱ्या मुलीकडे गेली होती आणि ती मुलगी चांगली खेळत होती. भिंगरीला राखीव खेळाडूंत बसवलं. गणितातही मधले धडे राहून गेले होते. ते तिला मैत्रिणींकडून शिकून घ्यावे लागले, आणि पहिले काही दिवस त्याही जरा बेतानेच बोलत होत्या. हे सगळं तिला लागलं. पण आता लागलं की ती काहीतरी करायची. गादीवर पडून छताकडे बघत बसायची नाही.

आजोबांचं मात्र सगळ्यांना भारी पडलं. एवढ्या वर्षांनी झोप मिळालेल्या माणसाला दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. त्यांनी ठिबकणारा नळ दुरुस्त केला, मग न बिघडलेला पंखा उघडला. शेवटी आईने हात जोडले. तेव्हा ते संध्याकाळी नातीबरोबर मैदानावर जायला लागले. बास्केटबॉलचा एकही नियम त्यांना ठाऊक नव्हता, तरी कठड्याला टेकून ते सल्ले देत.

दुसऱ्या एका शाळेशी सामना होता. शेवटी शेवटी सरांनी भिंगरीला आत घेतलं. दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. ती धावली, चुकली, एक चेंडू तिच्या हातून निसटून थेट समोरच्या मुलीकडे गेला. मग कोपऱ्यातून तिने एक मारला तो बरोबर जाळीतून खाली आला. सामना हरलेच. पण ती मैदानाबाहेर आली ती घामाने निथळत, लालबुंद होऊन, आणि बोलायची थांबेचना. तो चेंडू का सुटला, ती उंच मुलगी कशी कोपर मारते, सरांनी आधीच आत घ्यायला हवं होतं.

आजोबा सगळं ऐकत तिच्याबरोबर चालत होते. चढाच्या रस्त्यावर पूर्वी त्यांना धाप लागायची, आज ते तिच्या बरोबरीने वर आले.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "तो गोल टाकताना..."

"बास्केट म्हणतात, आजोबा."

"तेच ते. टाकताना आधी पाय रोवायचे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला काही माहीत नाही," आजोबा म्हणाले. "पण काहीही करताना पाय रोवलेले बरे असतात."

ती हसली आणि दप्तर त्यांच्या हातात देऊन पुढे पळाली. घरात तिचा आवाज तिच्या आधी पोचला. बाबांची झोपायची वेळ झाली होती; आई कुजबुजत बोल म्हणून सांगायला दाराशी आली, पण सांगायचं राहूनच गेलं. आतून बाबांनीच विचारलं, "जिंकलात का?"

"हरलो," भिंगरी ओरडून म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला बाबांच्या खोलीत शिरली.